हात धुतले नाहीत म्हणून?

आमचे अण्णा छापखान्यात कंपोझिटर होते. लेटरप्रेसचे दिवस ते. तालुक्याच्या गावातला छापखाना, त्यामुळे लग्नपत्रिका, सोसायटीचे अहवाल, निवडणुकीची पत्रकं आणि एक साप्ताहिक, एवढंच काम. लाकडी केसच्या खणांतून शिशाचे खिळे उचलायचे, स्टिकवर जुळवायचे, मजकूर छापून झाला की परत ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे. खणात धूळ साठली की तोंडाने फुंकर मारायची. दुपारी डबा उघडला की तीच काळी बोटं भाकरीला.

अण्णांचं पोट दुखायचं. मधूनच पीळ पडायचा, तोंडाची चव जायची, मग दोन दिवस नुसत्या भातावर काढायचे. छापखान्याचे मालक तसे भले गृहस्थ. शिसं बाधू नये म्हणून रोज दुपारी कामगारांना गुळाचा खडा द्यायचे. आता गूळ खाऊनही पोट दुखलं तर दोष कुणाचा? अर्थात हात न धुणाऱ्याचा! आई तर डब्याच्या पिशवीत साबणाचा तुकडा घालून द्यायची आणि संध्याकाळी पहिला प्रश्न तोच विचारायची. आमच्या घरात हा निकाल लागलेला होता आणि त्यावर कुणी कधी अपील केलं नाही. अण्णांनीसुद्धा नाही.

त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. आई ऐंशीच्या घरात आहे. तिला दिसतं कमी, म्हणून मी जे काही वाचते ते दुपारी तिला सांगते. तसंच मध्यंतरी एका अमेरिकन डॉक्टरीणबाईंचं आयुष्य सांगायला घेतलं. बाईंचं नाव ॲलिस हॅमिल्टन. माणसाच्या पोटापाण्याचा धंदाच त्याच्या पोटात विष कसं घालतो, हे शोधण्यात या बाईंनी चाळीस वर्षं घालवली, आणि या शास्त्राचा पाया अमेरिकेत त्यांनीच घातला असं मानलं जातं.

ॲलिसचा जन्म २७ फेब्रुवारी १८६९चा, न्यूयॉर्कचा. वाढली मात्र इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन या गावी, आजीच्या मोठ्या वाड्यात, चुलत भावंडांच्या गोतावळ्यात. एडिथ, ॲलिस, मार्गारेट आणि नोरा अशा चार बहिणी. धाकटा भाऊ बऱ्याच वर्षांनी झाला. वडिलांचा शाळांवर विश्वास नव्हता, म्हणून मुली घरीच शिकल्या. भाषा, इतिहास, वाङ्मय भरपूर आणि शास्त्र जवळजवळ शून्य. पुढे वडिलांचा किराणा मालाचा घाऊक व्यापार बुडाला आणि मुलींनी आपल्या पायावर उभं राहणं भागच झालं. थोरली एडिथ प्राचीन ग्रीसवरच्या पुस्तकांमुळे जगप्रसिद्ध झाली. चौघींपैकी एकीनेही लग्न केलं नाही आणि चौघींची एकमेकींशी असलेली घट्ट वीण शेवटपर्यंत टिकली.

ॲलिसने डॉक्टर व्हायचं ठरवलं. वैद्यकाची फार ओढ होती असं नाही. डॉक्टर झालेली बाई कुठेही जाऊ शकते, परमुलखात किंवा शहरातल्या झोपडवस्तीत, आणि कुठेही गेली तरी उपयोगी पडते, असा तिचा साधा हिशेब होता. मला हा हिशेब फार आवडला. १८९३ मध्ये मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरकी मिळाली. मग बहिणीबरोबर ती जर्मनीला गेली. तिथल्या विद्यापीठांत बायकांनी बसायचं तर कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही अशा बेताने बसायचं! ते झाल्यावर १८९७ मध्ये शिकागोच्या बायकांच्या मेडिकल कॉलेजात शिकवायची नोकरी धरली आणि राहायला गेली हल हाउसमध्ये.

हे हल हाउस म्हणजे जेन ॲडम्स आणि त्यांच्या मैत्रिणीने १८८९ मध्ये गरीब वस्तीत उघडलेलं घर. शिकलेल्या बायका तिथे राहायच्या आणि आजूबाजूच्या इटालियन, ग्रीक, पोलिश, ज्यू कुटुंबांत मिसळायच्या. ॲलिसने तिथे तान्ह्या बाळांसाठी दवाखाना सुरू केला, तळघरात बाळांना आंघोळी घातल्या. दात येईपर्यंत बाळाला दुधाशिवाय काही द्यायचं नाही, असं कॉलेजात शिकलेलं ती बाळंतिणींना ठासून सांगायची. त्या बायका ऐकून घ्यायच्या आणि घरी जाऊन आपल्या मनाचंच करायच्या. बाळाला काय हवं ते आपल्या प्रोफेसरापेक्षा त्या इटालियन आयांनाच जास्त कळत होतं, हे तिने पुढे आत्मचरित्रात मोकळेपणाने कबूल केलं आहे. हे ऐकून आई खूश झाली, हे सांगायला नकोच.

अशी कबुली ही बाईंची सवयच दिसते. १९०२ मध्ये शिकागोत विषमज्वराची साथ आली. उघड्या संडासांवरच्या माश्यांमुळे ती पसरली असा सिद्धांत ॲलिसने मांडला आणि तिचं नाव झालं. नंतर उघडकीला आलं की त्या भागात पाण्याची व्यवस्था बिघडून गटाराचं पाणी नळात शिरलं होतं आणि अधिकाऱ्यांनी ते दडपलं होतं. नाव झालं ते चुकीच्या शोधामुळे, याची खंत तिला आयुष्यभर होती. पण यातूनच ती दोन गोष्टी शिकली असावी: पुरावा घट्ट हवा, आणि ज्यांची चूक असते ते ती आपणहून सांगत नाहीत.

हल हाउसच्या शेजारपाजारी कामगारच राहायचे. कुणाचा नवरा पोलादाच्या भट्टीवर गॅसने गुदमरला, कुणा रंगाऱ्याचे हात लुळे पडले, अशा गोष्टी रोज कानावर यायच्या. १९०७च्या सुमाराला तिच्या हाती धोकादायक धंद्यांवरचं एक इंग्लिश पुस्तक आलं. इंग्लंड-जर्मनीत यावर कायदे होते, तपासणी होती. अमेरिकेत काय आहे म्हणून ती शोधायला गेली तर काहीच नाही. आमचे कारखाने स्वच्छ, आमचे कामगार सुखी, मग तसले रोग आमच्याकडे होतीलच कसे, अशी ठाम समजूत! १९१० मध्ये ब्रसेल्सच्या परिषदेत तर एका बेल्जियन अधिकाऱ्याने भर सभेत हे काढलं, की कामगारांच्या आरोग्याची व्यवस्था अमेरिकेत अस्तित्वातच नाही.

त्याच वर्षी इलिनॉय राज्याने धंद्यातल्या रोगांची पाहणी करायचं ठरवलं आणि ते काम ॲलिसकडे सोपवलं. वय एक्केचाळीस. तिने स्वतःकडे घेतलं शिसं.

आता शिसं म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. भांड्यांचे डाग, बॅटरी, जुन्या घरांचा तेलरंग, सगळीकडे ते होतं. मारुतीला चोपडायचा पारंपरिक शेंदूर म्हणजेही शिशाचाच भस्मासारखा प्रकार. रंगात घालायचा सफेदा हाही शिशाचा. त्या काळी अमेरिकेत घरं रंगवायला हा सफेदा टनावारी लागायचा. शिशाच्या चकत्या आम्लाच्या वाफेत महिनोन् महिने ठेवायच्या, वर पांढरा थर धरला की तो खरवडायचा, दळायचा, वाळवायचा. दर पायरीला पांढरी धूळ. ती धूळ श्वासातून छातीत आणि तिथून रक्तात जाते. शरीर शिशाला चुन्याचाच भाऊ समजतं आणि हाडांत नेऊन ठेवतं. रक्तातलं शिसं महिनाभरात निम्मं होतं, हाडातलं मात्र वर्षानुवर्षं राहतं. बाई गरोदर राहिली की बाळासाठी हाडांतला चुना सुटतो, त्याबरोबर हे साठवलेलं शिसंही सुटतं. आई एवढं ऐकून बराच वेळ गप्प बसली होती.

शिसं चढलेला माणूस ओळखायचा कसा? रक्तातलं शिसं सहज मोजता येईल अशी सोय १९१० मध्ये नव्हती. हिरड्यांच्या कडेला निळसर काळी रेघ दिसायची. पोटात असा पीळ पडायचा की माणूस जमिनीवर लोळायचा. मनगट लुळं पडायचं, हात पुढे केला तर पंजा खाली लोंबायचा. सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताच्या तांबड्या पेशींवर ठिपके ठिपके दिसायचे. ॲलिस निदानाच्या बाबतीत फार काटेकोर होती. शंका असेल तो रोगी ती मोजायचीच नाही, कारण एका चुकीच्या नावावरून मालकांनी सगळी यादीच कचऱ्यात टाकली असती.

यादी करायची तरी कशी? कारखान्यात शिरायचा कायदेशीर अधिकार तिला नव्हता. मालकाने आत घेतलं तरच आत. हॉस्पिटलच्या वहीत पाहावं तर धंद्याच्या रकान्यात नुसतं मजूर लिहिलेलं, परक्या देशातून आलेल्यांची नावं वेडीवाकडी. मग ॲलिस आणि तिचे साथीदार घरोघर हिंडले. औषधाच्या दुकानदाराला विचार, चर्चच्या पाद्र्याला विचार, युनियनवाल्याला विचार, दारूच्या गुत्त्यात बसणाऱ्यांना विचार. कामगार कारखान्यात फोरमनसमोर तोंड उघडत नाही, पण घरी बायको बोलते. बायकोला माहीत असतं नवरा कधीपासून जेवत नाही ते. मला वाटतं, हे काम एका बाईलाच इतकं जमलं ते यामुळेच. स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसणं पुरुष डॉक्टरांना सुचलंही नसतं.

एक किस्सा न्हाणीघरातल्या टबाचा. आपल्याकडे इनॅमलच्या ताटल्या, मग असायचे ना, तसलीच झिलई लोखंडी टबांवर द्यायचे. हॉस्पिटलात एक पोलिश कामगार आला, शिशाची सगळी लक्षणं असलेला, आणि काम सांगतो टबांना झिलई देण्याचं. या कामात शिसं असतं हे ॲलिसला ठाऊकच नव्हतं. ती कारखान्यात गेली. मालकांनी प्रेमाने सगळं दाखवलं, काहीच धोका दिसला नाही. परत येऊन तिने त्या माणसाला तसं सांगितलं तर तो हसायला लागला. झिलई देतात ती जागा तिला दाखवलीच नव्हती! ती मग खऱ्या जागी गेली. तिथे लालभडक तापलेल्या टबावर भुकटी चाळत उभे असलेले लोक होते आणि हवेत तीच भुकटी. झिलईचे नमुने तपासले तर विरघळणारं शिसं वीस टक्क्यांपर्यंत.

सगळीकडे मालकांचं म्हणणं एकच. कामगार अडाणी, हात धुत नाहीत, घाणेरड्या बोटांनी तंबाखू खातात, वर दारू पितात. शिसं चढलं तर आम्ही काय करणार? डॉक्टर मंडळीही हेच म्हणायची. ॲलिसने एकेक कारखाना पाहिला, कुठे किती धूळ, कुठे किती धूर, कुठले किती माणसं आजारी, याचा मेळ घातला. साबण-पाणी द्यायलाच हवं, हे तिला मान्य होतं. पण हाताला लागलेल्या शिशापेक्षा नाकातून जाणारं शिसं कितीतरी जास्त घातक, आणि दिवसाला दहा वेळा हात धुणारा माणूससुद्धा श्वास घ्यायचा थांबत नाही. त्यामुळे पाहायची ती कामगाराची बोटं नव्हे, कारखान्याची हवा.

मैत्रिणींनो, हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. डब्याच्या पिशवीतला तो साबणाचा तुकडा डोळ्यांसमोर आला.

सफेद्याच्या धंद्यातली सगळ्यात मोठी कंपनी होती नॅशनल लेड. तिचे एक बडे अधिकारी एडवर्ड कॉर्निश. ॲलिसने त्यांना शिकागोतल्या कारखान्याबद्दल सांगितलं की तुमच्या माणसांना विषबाधा होते आहे. त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी तिथल्या तिथे एका कामगाराला थांबवलं आणि विचारलं, शिशाने तू आजारी पडलास का कधी? तो बिचारा साहेबासमोर काय बोलणार, घाईघाईने नाही म्हणाला. साहेब म्हणाले, पाहा! पण माणूस प्रामाणिक होता. तुम्ही पुरावा आणून द्या, मग तुम्ही सांगाल ते करतो, असा शब्द त्यांनी दिला. ॲलिस गेली आणि हॉस्पिटलपर्यंत पोचलेल्या २२ रोग्यांची पक्की यादी घेऊन परत आली. कॉर्निशनी शब्द पाळला. धूळ शोषून घेणारी, यंत्रं झाकून टाकणारी व्यवस्था अमेरिकेत आयती मिळत नव्हती, ती इंजिनियरांकडून नव्याने करवून घेतली. आणि डॉक्टर नेमून कामगारांची दर आठवड्याला तपासणी सुरू केली. या सगळ्यासाठी त्या वेळी एकही कायदा त्यांच्यावर लागू नव्हता.

सगळे मालक काही कॉर्निश नव्हते. मला इथे बाईंचं थोडं आश्चर्यही वाटतं. गोड बोलून, मालकाच्या सदसद्विवेकबुद्धीला हात घालून काम काढायचं, ही तिची पद्धत. संप, मोर्चा करणाऱ्यांना ती मवाळ वाटायची. पण इलिनॉयमध्येच तिने सत्तरहून अधिक कामांत शिसं वापरतात हे दाखवलं, पाचशेहून जास्त रोगी नोंदवले, आणि १९११ मध्ये त्या राज्यात कायदा झाला, त्यामुळे मवाळ म्हणण्याचं धाडस मला होत नाही. त्याच वर्षापासून ती केंद्र सरकारसाठी देशभर हिंडू लागली. पगार नाही. पाहणी पूर्ण करायची, अहवाल द्यायचा, मग सरकार तो विकत घेणार!

पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याचे कारखाने गुप्त ठेवलेले असायचे. ॲलिस आकाशात नारिंगी-पिवळा धूर शोधायची, नाहीतर गावातल्या गुत्त्यात पिवळ्या पडलेल्या हातातोंडाची माणसं. ती दिसली की कारखाना जवळच आहे असं समजायचं. कामगाराचं अंगच कारखान्याची पाटी झालेलं. खरं म्हणजे ती युद्धाच्या विरुद्ध होती. १९१५ मध्ये जेन ॲडम्सबरोबर हेगच्या महिला शांतता परिषदेलाही जाऊन आली होती.

१९१७ मध्ये तिने एका सहकाऱ्याबरोबर छापखान्यांवर अहवाल लिहिला. होय, छापखान्यांवर! केसमध्ये साठणारी धूळ, शिसं वितळवायच्या भट्ट्या, हवा न खेळणाऱ्या खोल्या, सगळं त्यात. १९१९ मध्ये शिशाच्या उद्योगांतल्या बायकांवर वेगळा अहवाल आला. शिशामुळे गर्भपात होतात, मुलं मृत जन्मतात, हे तिने ठळकपणे मांडलं. बायकांना कायद्याचं खास संरक्षण हवं असं तिचं मत बनलं आणि त्यामुळे स्त्री-पुरुष समान हक्कांच्या घटनादुरुस्तीला तिने कित्येक वर्षं विरोध केला. इतर बायका यावरून तिच्यावर रागावल्या. १९५२ मध्ये तिने विरोध सोडला.

१९१९ मध्येच हार्वर्ड विद्यापीठाने तिला बोलावलं, कारण या विषयात तिच्या तोडीचा पुरुष देशात नव्हता. हार्वर्डच्या अध्यापकांत ती पहिली स्त्री. अटी ऐका: प्राध्यापकांच्या क्लबात यायचं नाही, फुटबॉलची तिकिटं मागायची नाहीत, पदवीदानाच्या मिरवणुकीत चालायचं नाही. बाईंनी हे हसण्यावारी नेलं आणि उलट आपलीच अट घातली की मी वर्षातून अर्धाच वेळ शिकवीन, उरलेला वेळ कारखाने. सोळा वर्षांनी, १९३५ मध्ये निवृत्त झाली तेव्हाही पद तेच, असिस्टंट प्रोफेसर. ज्या मेडिकल स्कूलमध्ये ती शिकवत होती तिथे मुलींना प्रवेश मिळाला १९४५ मध्ये.

तिची सगळ्यात मोठी हार झाली पेट्रोलच्या बाबतीत. इंजिनाचा ठोका कमी व्हावा म्हणून पेट्रोलमध्ये शिशाचं एक रसायन घालायचं निघालं. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या एका रिफायनरीत ते बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन काही दिवसांत मेले. २० मे १९२५ रोजी वॉशिंग्टनला सरकारने परिषद बोलावली. ॲलिसने बजावलं की जिथे शिसं वापरतात तिथे कितीही काळजी घ्या, आज ना उद्या ते माणसात शिरतं. आणि हे तर कारखान्यातलं नव्हे, रस्त्यारस्त्यावरचं शिसं होणार. मग समिती नेमली गेली. तिने २५२ ड्रायव्हर आणि गॅरेज कामगार तपासले. काहींच्या रक्तपेशींवर ठिपके होते, शौचातून शिसं जात होतं. पण धडधडीत आजारी कुणी सापडला नाही, म्हणून पेट्रोलला परवानगी मिळाली. पुढेही तपासण्या व्हाव्यात असं समितीने सुचवलं होतं, त्या सरकारने केल्या नाहीत. उद्योगाच्याच पैशाने संशोधन होत राहिलं. रक्तात, लघवीत शिसं सगळ्यांच्याच असतं, ते नैसर्गिक आहे, एका हद्दीपर्यंत काही होत नाही, असं त्या संशोधकांनी सांगितलं. ते पुढची चाळीस वर्षं चाललं. मोजमाप चोख होतं, पण ते नैसर्गिक नाही, माणसानेच पसरवलेलं आहे, हे क्लेअर पॅटरसन या शास्त्रज्ञाने दाखवलं तेव्हा १९६५ साल उजाडलं होतं.

रक्त तपासणीची ही गंमत बघा. साठच्या दशकात मुलांच्या १०० मिलिलिटर रक्तात ६० मायक्रोग्रॅमपर्यंत शिसं असलं तरी अमेरिकेत चालवून घेत. १९८५ मध्ये हा आकडा २५ झाला, १९९१ मध्ये १०, २०१२ मध्ये ५ आणि २०२१ मध्ये साडेतीन. शिसं तेच आहे, मुलंही तशीच आहेत. आपल्याला कळत गेलं तसतसा आकडा उतरला. जागतिक आरोग्य संघटना आता म्हणते, सुरक्षित असं प्रमाणच माहीत नाही. पेट्रोलमधलं शिसं कमी होऊ लागलं तशी अमेरिकन माणसाच्या रक्तातली सरासरी १९७६ ते १९८० मधल्या सुमारे १३ वरून दहा-बारा वर्षांत ३च्या आत आली. आपल्याकडे शिशाचं पेट्रोल २००० मध्ये बंद झालं. जगात सगळ्यात शेवटी अल्जीरियात, २०२१ मध्ये.

रक्ताची तपासणी हवीच, ॲलिसने ती मागितलीच असती. पण शिसं रक्तात दिसलं म्हणजे ते आत गेलेलं आहे. धुळीला आवर न घालता नुसतं दर महिन्याला रक्त काढत बसणं म्हणजे छत गळतंय तिथे बादली ठेवून तिच्यातलं पाणी मोजण्यासारखं.

निवृत्तीनंतरही बाई घरी बसल्या नाहीत. कृत्रिम रेशमाच्या, म्हणजे रेयॉनच्या कारखान्यांत कार्बन डायसल्फाइड नावाच्या द्रवाच्या वाफेने कामगारांना वेड लागत होतं, पाय लुळे पडत होते. साठी उलटलेल्या ॲलिसने १९३७-३८ मध्ये पेनसिल्व्हेनियातली त्याची पाहणी मार्गी लावली. १९४३ मध्ये आत्मचरित्र लिहिलं, चित्रं धाकट्या नोराने काढली. कनेक्टिकटमध्ये नदीकाठच्या घरात मार्गारेटबरोबर राहिल्या. नव्वदी ओलांडल्यावर व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या पत्रकावर सही केली. २२ सप्टेंबर १९७० रोजी त्या गेल्या, वय १०१. त्यानंतर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरला, अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षिततेचा राष्ट्रीय कायदा झाला. त्याच कायद्याखाली १९७८ मध्ये शिशाचे नियम आले. हवेत शिसं किती असावं हे त्यात ठरलं, कामगाराचं रक्त ठरावीक काळाने तपासायचं, आणि शिसं जास्त निघालं तर पगार न कापता त्याला त्या कामावरून हलवायचं, हेही ठरलं. आपल्याकडे १९४८च्या कारखाना कायद्याने शिशाची विषबाधा सरकारला कळवण्याच्या रोगांत घातली होती, यादीत अगदी पहिली. आमच्या गावच्या छापखान्यापर्यंत ती यादी कधी पोचली नाही.

हे सगळं तीन-चार दुपारी मिळून आईला सांगून झालं. साबणाचं ऐकून ती हसेल किंवा अण्णांना उगाच बोललो म्हणून हळहळेल असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. थोड्या वेळाने तिने विचारलं की धूळ छातीत जाते म्हणतेस, मग त्यांचा छापखान्यातला शर्ट मी रोज संध्याकाळी मागच्या ओसरीत झटकायची, त्याचं काय? तुम्ही दोघं तेव्हा रांगत होतात तिथे.

मी म्हटलं, आता त्याचं काही नाही, चहा टाकते.